पेनसिल्व्हेनियाच्या रानात टर्कीची पहिली शिकार : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत, विशेषतः पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या आणि वसंत ऋतूत रानटर्कीच्या शिकारीला पहिल्यांदाच जाऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात बंदूक कधी आलेली नसते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद झाली आणि ती योग्यच बंद झाली. त्यामुळे या विषयाची माहिती घरातून मिळण्याचा मार्ग आपल्याला उरला नाही. इथली मुले मात्र वडिलांच्या किंवा आजोबांच्या मागे रानात हिंडून हे सारे शिकतात, आणि सरकारी पुस्तिकाही बऱ्याच गोष्टी वाचकाला ठाऊकच असतील असे धरून चालतात. नवख्या माणसाची अडचण होते ती नेमकी अशा जागी.

शिकार करावी की करू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण निर्णय घेण्यापूर्वी या पक्ष्याचा इतिहास माहीत असावा, असे मला मनापासून वाटते. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे १९३० च्या दशकापर्यंत संपूर्ण अमेरिकेत रानटर्कींची संख्या सुमारे दोन लाखांपर्यंत घसरली होती. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांच्या विक्रीवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. पाळीव टर्की वाढवून रानात सोडण्याचे प्रयत्न फसल्यावर रानातलेच पक्षी जाळ्यात पकडून, जिथे ते नाहीसे झाले होते त्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. आज देशभर ही संख्या साठ लाखांच्या घरात आहे. पेनसिल्व्हेनियात वसंतातील शिकारीला १९६८ पासून परवानगी आहे आणि या राज्याचा वन्यजीव विभाग, म्हणजे गेम कमिशन, आजही मोठ्या प्रमाणावर शिकारीच्या परवान्यांच्या उत्पन्नावर चालतो.

पुढच्या सर्व पायऱ्यांमागे माझा एकच आग्रह आहे : पक्षी पूर्ण दिसल्याशिवाय, तो नर असल्याची खात्री पटल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये.

१. कागदपत्रे : क्रम चुकवू नका

आधी प्रशिक्षण, मग परवाना आणि त्यानंतरच बंदूक, हा क्रम सर्वांनाच सोयीचा आहे. परंतु एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ अशा व्हिसावर राहणाऱ्यांसाठी तो कायद्याने बंधनकारक आहे, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला जे थोडे अपवाद आहेत, त्यांपैकी आपल्या उपयोगाचा अपवाद एकच : त्या व्यक्तीकडे अमेरिकेतील एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना असणे. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही अट लागू नाही.

यातून दोन सापळे निर्माण होतात. पहिला असा की, "बाळगणे" याचा अर्थ विकत घेणे एवढाच होत नाही. मित्राची बंदूक नेमबाजीच्या मैदानावर हातात घेणे हेही त्यातच मोडते. म्हणून परवाना मिळण्यापूर्वी सरावासाठीसुद्धा बंदूक हातात घेऊ नका. दुसरा सापळा मुदतीचा आहे. पेनसिल्व्हेनियाचा परवाना १ जुलै ते ३० जून असा चालतो. हंगाम मे महिन्याच्या अखेरीस संपतो, माणूस निवांत होतो, जूनच्या शेवटी परवाना संपतो आणि बंदूक मात्र कपाटात तशीच राहते. त्या दिवसापासून तुमचा अपवादही संपलेला असतो. त्यामुळे नवा परवाना जुना संपण्यापूर्वीच घ्यावा. पती-पत्नी दोघेही व्हिसावर असतील, तर प्रत्येकाचा परवाना वेगळा हवा. एकाच्या परवान्याचा आधार दुसऱ्याला मिळत नाही. बंदुकीशी संबंधित गुन्हा सिद्ध झाल्यास प्रकरण देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून मनात थोडी जरी शंका असेल, तरी इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारावे. त्याची फी इथे सार्थकी लागते.

प्रशिक्षणाला या राज्यात हंटर-ट्रॅपर एज्युकेशन म्हणतात. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला, वय कितीही असो, ते पूर्ण करावे लागते. प्रौढांसाठी ते ऑनलाइनही उपलब्ध आहे. तरीही प्रत्यक्ष वर्गाला जावे, असा माझा सल्ला आहे, कारण बंदूक कशी धरावी, कुंपण कसे ओलांडावे आणि सोबत्याच्या हातात ती कशी द्यावी, हे पडद्यावर पाहून अंगवळणी पडत नाही. (व्हिसावर असाल, तर तिथेही परवान्याआधी खरी बंदूक हातात न घेता पाहूनच शिका.) शिवाय शिकवणारे स्वयंसेवक बहुधा त्याच तालुक्यातले शिकारी असतात आणि पुढे सोबतीला माणूस हवा असला, तर तिथेच ओळखी होतात.

सर्वसाधारण परवान्यातच वसंतातील एका टर्कीचा टॅग, म्हणजे मारलेल्या पक्ष्याच्या पायाला बांधायची चिठ्ठी, येतो. दुसऱ्या पक्ष्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो हंगाम सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी :

- प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र
- राज्याचा वाहन-परवाना किंवा सध्याचा पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र
- परवान्याच्या अर्जासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक
- शिकारीचा परवाना आणि त्यासोबतचा टॅग
- व्हिसावर असल्यास पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ ची प्रत

बंदूक नोंदणीकृत दुकानदाराकडूनच घ्यावी. तिथे ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न शांतपणे वाचून उत्तर द्या. नॉन-इमिग्रंट असल्याचा प्रश्न आणि अपवादाचा प्रश्न असे दोन वेगळे प्रश्न असतात आणि घाईत तिथेच गोंधळ होतो. खोटे किंवा चुकीचे उत्तर हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

२. बंदूक, काडतुसे आणि कपडे

बारा किंवा वीस गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) साधी पंप शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, पुरेशी आहे. वीस गेज हलकी असते, खांद्याला धक्का कमी देते आणि आजच्या काडतुसांनी तेवढेच काम करते. अंगकाठी लहान असेल, तर तीच घ्यावी. नळीच्या टोकाला बसवायचा चोक घट्ट, म्हणजे फुल किंवा एक्स्ट्रा-फुल असावा, कारण टर्कीच्या अंगावर छर्रे मारायचे नसतात. नेम डोके आणि मान यांवर असतो. पेनसिल्व्हेनियात शिशाचा छर्रा ४ क्रमांकापेक्षा मोठा चालत नाही. क्रमांक जितका लहान तितका छर्रा मोठा, हे नवख्याला उलटे वाटते. म्हणून काडतुसांच्या खोक्यावरचा आकडा दुकानातच तपासून घ्या.

त्यानंतरचे काम बहुतेक जण टाळतात आणि तेच सर्वांत जास्त गरजेचे आहे. मोठ्या कागदावर दहा इंच व्यासाचे वर्तुळ काढा, तो कागद ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६ मीटरवर लावा आणि ज्या काडतुसाने शिकार करणार त्याच काडतुसाने त्यावर बार काढा. वर्तुळात शंभराच्या आसपास छर्रे पडले, तर ती जोडी विश्वासाची. कमी पडले, तर ३० यार्डांवर पाहा आणि रानातली तुमची मर्यादा तीच माना. दोन सारख्या दिसणाऱ्या बंदुका एकाच काडतुसाने वेगळी पसरण देतात. त्यामुळे दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबून चालत नाही. चुकीच्या अंतरावरून काढलेल्या बाराने पक्षी मरत नाही, जखमी होऊन झुडपांत शिरतो आणि तिथे हालहाल होऊन मरतो. कागदावर घालवलेला एक तास हे टाळतो.

कपडे पानांच्या रंगाचे असावेत, चेहऱ्यावर जाळी आणि हातांत मोजे असावेत. टर्कीला रंग उत्तम दिसतात, डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान जराशी वळवताच त्याला चहूबाजूचे दिसते, आणि सर्वांत आधी त्याच्या नजरेत भरते ती हालचाल. लाल, पांढरा, निळा आणि काळा हे रंग अंगावर कुठेही नकोत. नराचे डोके लाल, पांढरे आणि निळे असते व अंग काळपट दिसते. तुमचा पांढरा मोजा किंवा खिशातून डोकावणारा लाल रुमाल दुसऱ्या शिकाऱ्याला पक्षी वाटू शकतो. याउलट चालताना भडक नारिंगी टोपी घाला. वसंतातील शिकारीत या राज्यात तिची सक्ती नाही, पण शिफारस आहे, आणि जागेवर बसल्यावर ती काढून ठेवता येते.

याखेरीज पाण्याची बाटली, विजेरी, होकायंत्र किंवा नकाशा उतरवून घेतलेला फोन, टॅग बांधायला दोरी, पेन, चाकू आणि बसायला जाड गादी एवढे पुरे. गादीला कमी लेखू नका. ओल्या मुळांवर दोन तास हलू नये असे वाटत असेल, तर ती लागतेच.

गोचिडांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. लाइम रोगाचे रुग्ण देशात जिथे सर्वाधिक सापडतात, त्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया आहे आणि मे महिना गोचिडांचा आहे. कपड्यांवर आणि बुटांवर परमेथ्रिन फवारून ते आदल्या दिवशीच वाळवा. ते कातडीवर लावायचे नसते. पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर अंघोळ करून काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागचा भाग आणि केसांची मुळे तपासा.

३. बोली शिकणे

वसंतात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते, असा निसर्गक्रम आहे. शिकारी तो उलटा फिरवू पाहतो : मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे बोलावतो. या राज्यात वसंतात टर्कीची शिकार केवळ अशा हाकेनेच करता येते. त्याच्या मागावर सरपटत जाणे, हाकारा घालणे, दाणे टाकून आमिष दाखवणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे बेकायदेशीर आहे.

नवख्याने बॉक्स कॉलने सुरुवात करावी. ही एक लांबट लाकडी पेटी असते, वर एका टोकाला खिळ्याने अडकवलेले झाकण असते. झाकणाच्या खालच्या फुगीर बाजूला तेल नसलेला खडू घासायचा, पेटी डाव्या तळहातावर सैल धरायची आणि झाकण कडेवरून सुमारे इंचभर सरकवायचे. दाब जवळजवळ द्यायचाच नाही. आधी बारीक, मग जाडसर, असा दोन सुरांचा "कियाव्" उमटतो. असे पाच-सहा सूर सारख्या अंतराने काढले की मादीची साधी हाक होते. एकच तुटक "टक्" ही तिची स्वस्थपणाची खूण आणि घशातली मंद घरघर चरतानाची. पण तीच "टक्" जोरात, कोरडी आणि लागोपाठ आली, तर ती धोक्याची सूचना असते. तसा आवाज तुमच्या हातून गेला की समोरचा पक्षी नाहीसा होतो. ओल्या हवेत खडू भिजून पेटी मुकी पडते, तेव्हा ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. स्लेटवर काडी फिरवून किंवा तोंडात पडदा धरून काढायचे आवाज पुढच्या वर्षी शिका. घरी रोज दहा मिनिटे सराव केला, तर महिन्याभरात कामापुरता हात बसतो.

४. रान आधी पाहून ठेवा

राज्यभर सुमारे पंधरा लाख एकर सरकारी शिकारक्षेत्र आहे. त्याला स्टेट गेम लँड्स म्हणतात आणि प्रत्येक क्षेत्राला क्रमांक असतो. नकाशे गेम कमिशनच्या संकेतस्थळावर मिळतात. खासगी जमिनीवर जायचे असेल, तर मालकाकडे आधी जाऊन, शक्य तर लेखी परवानगी घ्या. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. नकाशावर ही हद्द आधीच आखून घ्या.

एप्रिलच्या मध्यापासून पहाटे जाऊन रान ऐका. ओक, बीच आणि हिकरी यांच्या जंगलात, डोंगराच्या सोंडेवर किंवा ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या मोठ्या झाडांवर हे पक्षी रात्र काढतात. दिवस उजाडल्यावर खुणा शोधा. पाचोळा उकरून मातीपर्यंत साफ केलेली ठिकाणे चरण्याची असतात. लांबट, टोकाला वळलेली विष्ठा नराची, गोलसर गुंडाळी मादीची. ओल्या मातीवर तीन बोटांच्या ठशांच्या दोन्ही बाजूंना घासल्याच्या रेघा दिसल्या, तर तिथे नराने पंख जमिनीला टेकवून पिसारा फुलवलेला आहे, आणि तो त्या जागी परत येण्याची शक्यता दाट आहे. या दिवसांत हाका मारून पाहण्याचा मोह आवरा. हंगामापूर्वी फसलेला नर हंगामात सहजासहजी जवळ येत नाही.

निदान तीन वेगळ्या जागा निवडून ठेवा. पहिल्या शनिवारी तुमच्या आवडत्या जागेच्या वाटेवर आधीच एखादी गाडी उभी असेल. तेव्हा हुज्जत न घालता पुढच्या जागेकडे निघायचे.

५. आदली रात्र

हंगाम मे महिन्याच्या सुरुवातीच्या सुमारास, शनिवारी उघडतो. शिकारीची वेळ सूर्योदयापूर्वी अर्धा तास अशी सुरू होते आणि पहिल्या टप्प्यात दुपारी बारा वाजता संपते. नंतरच्या टप्प्यात ती सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत वाढते. नेमक्या तारखा आणि वेळांचा तक्ता परवान्यासोबतच्या पुस्तिकेत दरवर्षी नव्याने पाहावा. कुठे जाणार, गाडी कुठे लावणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवा. गाडीत बंदूक नेहमी रिकामी असते. भरलेली बंदूक वाहनात ठेवणे या राज्यात गुन्हा आहे.

६. पहाट : जागा धरणे

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हॅरिसबर्गच्या परिसरात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. म्हणजे पावणेपाचच्या आसपास तुम्ही गाडीपासून निघालेले असायला हवे. पक्षी जिथे झोपतात, त्या झाडापासून शंभर ते दीडशे यार्डांवर थांबा; त्याहून जवळ जाऊ नका. शक्य असेल तर त्यांच्याच उंचीवर किंवा थोडे वर बसा. नर उतार चढून आवाजाकडे येतो, पण उतरून येण्यास बऱ्याचदा कुरकुरतो. मध्ये ओढा, तारेचे कुंपण किंवा दाट काटेरी झुडूप असेल, तर ती जागा सोडा, कारण तो पलीकडेच येरझाऱ्या घालत राहतो.

पाठ टेकायला तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद बुंधा निवडा. याची दोन कारणे आहेत : तुमची आकृती त्यात मिसळते आणि मागून कोणी चुकून बार काढला, तर झाड आड येते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने डावा खांदा पक्षी येण्याच्या दिशेकडे ठेवून बसावे, गुडघा उभा करावा आणि बंदूक त्यावर टेकवून ठेवावी. बसल्यावर, अंधार असतानाच, ३० आणि ४० पावलांवरची झाडे नजरेत भरून ठेवा. उजाडल्यावर अंतराचा अंदाज घेण्यासाठी हात उचलावा लागला, तर उशीर झालेला असतो.

प्लास्टिकची नकली मादी वापरायची असेल, तर ती नेता-आणताना पूर्ण झाकलेल्या पिशवीतच ठेवा आणि तुमच्यापासून वीसेक पावलांवर अशी लावा की तिच्यावर कोणी नेम धरला, तर तुम्ही त्या रेषेत येणार नाही. पहिल्या वर्षी नराची नकली आकृती अजिबात नको.

७. हाक आणि प्रतीक्षा

पूर्वेला फटफटू लागले की आधी लहान पक्षी जागे होतात, मग कुठेतरी बार्ड घुबड घुमते, आणि त्याला उत्तर म्हणून झाडावरूनच नर टर्कीचा घोगरा खळखळाट फुटतो. शांत हवेत तो मैलभरावरून ऐकू येतो. अजून उत्तर देऊ नका. माद्या झाडावर चुळबुळ करू लागल्या की त्यांच्यासारखीच दोन-तीन सुरांची झोपाळू, हलकी हाक द्या. नराने त्या हाकेवर आवाज चढवला, तर त्याला तुमची जागा नेमकी कळली आहे. आता पेटी खाली ठेवा.

खाली उतरताना पंखांचा जड फडफडाट होतो आणि पाचोळ्यावर थप्प असा आवाज येतो. त्यानंतर बहुतेकदा जे घडते, त्याने नवखा माणूस खचतो : नर गप्प होतो किंवा त्याचा आवाज दूर जाऊ लागतो. तो खऱ्या माद्यांबरोबर गेलेला असतो. सात वाजले, रान शांत झाले, तेव्हा बहुतेक जण उठून न्याहारीला जातात. तुम्ही बसून राहा. माद्या दहा-बारा अंडी घालतात आणि दिवस चढू लागला की एकेक करून जमिनीवरच्या घरट्याकडे निघून जातात. नऊ ते अकराच्या दरम्यान नर एकटा पडतो, आणि पहाटे ज्या दिशेने मादीची हाक ऐकली होती, ती दिशा तो विसरलेला नसतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा, माफक आवाजात बोलवा. सारखे बोलवत राहणे हा नवशिक्यांचा सर्वांत मोठा दोष आहे. खरी मादी एवढी बडबड करीत नाही.

तो न ओरडताही येतो. त्यामुळे कान एका बारीक आवाजासाठी तयार ठेवा. आधी फुंकर टाकल्यासारखे "फिट्" आणि लगेच छातीत जाणवणारी, दूरवर अवजड ट्रक सुरू असावा तशी खोल "डम्म्" अशी घुमघुम. हा आवाज आला, म्हणजे तो साठ-सत्तर पावलांच्या आत, बहुधा दृष्टीआड पिसारा फुलवून उभा आहे. या वेळी डोके वळवू नका. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहा. तो मोठ्या झाडामागे गेला किंवा पिसाऱ्याने त्याचे स्वतःचेच डोळे झाकले गेले की तेवढ्या क्षणात बंदूक हलवायची, एरवी नाही.

दुसरा शिकारी चालत येताना दिसला, तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका, उभेही राहू नका. स्पष्ट, मोठ्या आवाजात माणसाच्या भाषेत बोला : "हंटर हिअर" एवढेच शब्द पुरतात. सकाळ वाया जाईल, जाऊ द्या. तसेच तुम्हाला पलीकडून मादीचा फार सुरेल आवाज आला, तर तो माणूस असू शकतो असे धरून चाला आणि त्या आवाजाकडे कधीही सरकू नका.

८. बार

कायदा म्हणतो : वसंतात फक्त दाढी असलेला पक्षी. दाढी म्हणजे छातीतून लोंबणारा, घोड्याच्या केसांसारखा दिसणारा राठ पिसांचा झुबका. प्रौढ नराची दाढी आठ-दहा इंचांची असते, वर्षाच्या नराची, ज्याला जेक म्हणतात, तीन ते पाच इंचांची. जेकच्या पिसाऱ्यात मधली पिसे बाकीच्यांपेक्षा लांब असतात. प्रौढाचा पिसारा सलग कमानीसारखा दिसतो. काही माद्यांनाही दाढी असते आणि कायद्याने त्या चालतात, पण मे महिन्यात मादी मारणे म्हणजे एक घरटे संपवणे. डोके फिकट, निळसर-करडे आणि छातीची पिसे तपकिरी टोकांची दिसली, तर बंदूक खाली ठेवा.

आता क्रमाने पाहा : लाल-पांढरे डोके, काळी छाती, दाढी, अंतर आणि मागची रेषा. मागे वाट, घर, गुरे, माणूस किंवा दुसरा पक्षी नाही ना? पिसारा फुलवलेल्या अवस्थेत त्याची मान आखडलेली असते, तेव्हा थांबा. पेटी न वापरता तोंडाने एक बारीक "टक्" करा. तो मान उंच करील. जिथे मानेवरची पिसे संपून कातडी सुरू होते, तिथे नेम धरा, मग सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारी कळ, काढा आणि बोट चापावर न्या. यातली एकही गोष्ट मनासारखी नसेल, तर तो जाऊ द्या.

बार झाल्यावर सेफ्टी लावा आणि भराभर चालत जा, पळू नका. पक्षी पडल्यावरही मिनिटभर पंख झापडतो. बूट मानेवर ठेवा आणि हात पायांपासून दूर ठेवा, कारण नराच्या पायामागचे काटे तळहात फाडू शकतात.

९. टॅग आणि मांस

पक्षी जागेवरून हलवण्यापूर्वी टॅग भरून पायाला बांधायचा असतो. पेन लागते ते इथे. त्यानंतर पक्षी नारिंगी कापडात किंवा बंद पिशवीत घालूनच बाहेर काढा. खांद्यावर उघडा टाकून, पंख हलत ठेवत रानातून चालणे अतिशय धोक्याचे आहे. नर आठ ते दहा-अकरा किलोंपर्यंत भरतो, वाटेत थांबत जा. सकाळ तापण्यापूर्वी पोट साफ करून आत बर्फाच्या बाटल्या ठेवा.

या मांसाला दुकानातल्या टर्कीसारखी चरबी नसते. छातीचे तुकडे मांसाच्या धाग्यांना आडवे कापून दही-आले-लसणात मुरवा आणि झटपट शिजवा; आतले तापमान ७४ अंश सेल्सियस झाले की उतरवा, नाहीतर ते कोरडे पडते. तंगड्या मात्र कठीण शिरांनी भरलेल्या असतात आणि अनेक जण त्या टाकून देतात. त्या टाकू नका. प्रेशर कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजवून, शिरा ओढून काढून, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात त्यांचा रस्सा उत्तम होतो, चवीला गावठी कोंबड्याच्या जवळ जाणारा. मान आणि छातीच्या वरच्या भागातील मांस शिजवण्यापूर्वी बोटांनी चाचपून छर्रे काढून टाका. मुलांच्या ताटात शिशाचा एक कणही जाता कामा नये.

१०. नोंद

शिकार झाल्यापासून दहा दिवसांच्या आत गेम कमिशनला कळवणे बंधनकारक आहे. ते ऑनलाइन, दूरध्वनीवर किंवा पोस्टाने करता येते. परवान्याचा क्रमांक, तारीख, ठिकाण, दाढीची आणि काट्यांची लांबी हे तपशील हाताशी ठेवा. मोजमाप पक्षी साफ करण्यापूर्वीच घेऊन लिहून ठेवलेले बरे. पक्ष्याच्या पायात धातूची कडी आढळली, तर तिच्यावरचा क्रमांकही कळवा. हिवाळ्यात पकडून कडी घातलेल्या नरांपैकी किती जण कुठे आणि केव्हा मारले गेले, यावरूनच राज्यातील जीवशास्त्रज्ञ संख्येचा अंदाज बांधतात आणि पुढच्या हंगामाचे नियम ठरवताना तो विचारात घेतला जातो.